सोसायटी मर्यादित

शाळेत कुठल्याही पोराला विचारा, 'सोसायटी' म्हणजे काय? तो एका दमात सांगेल, समाज. बाईंनी वहीत तेच लिहून दिलेलं असतं आणि मार्कही त्यालाच मिळतात. तोच पोरगा घरी येऊन विचारतो, "आई, सोसायटीत पाणी आलं का?" त्याऐवजी 'समाजात पाणी आलं का' असं विचारलं असतं, तर आईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

इंग्रजीत हा शब्द नुसता आला की त्यात सगळे येतात. राव, रंक, चोर, शिपाई, ज्याला मत आहे तो आणि ज्याला घर नाही तोही. आपल्याकडे आल्यावर मात्र या शब्दाने आधी कुंपण घातलं, मग गेट बसवलं, मग गेटवर रजिस्टर ठेवून वॉचमन बसवला. मराठी सोसायटीत 'सगळे' कधीच नसतात, सभासद असतात. आणि सभासद ठरले की बिगरसभासद आपोआप ठरतात; त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही.

मग 'सगळ्यांनी' जायचं कुठे? 'समाज' शब्दात जागा असेल म्हणून बघायला जावं, तर तिथे आधीच मेळावा भरलेला. समाजाचं मंगल कार्यालय, समाजाचं वसतिगृह, समाजाची दिनदर्शिका, आणि मुलगी शक्यतो समाजातलीच. व्यासपीठावरून कुणी 'समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे' म्हणालं की श्रोते शेजाऱ्याला हळूच वक्त्याचं आडनाव विचारतात. नेमक्या कुठल्या समाजासाठी, ते कळायला नको? थोडक्यात, समाज जातीने नेला आणि सोसायटी गेटने अडवली. उरले त्यांना आपण 'लोक' म्हणतो. त्यांना एकच काम दिलंय, काय म्हणतील ते म्हणणं.

१९८७ साली ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर एका महिला साप्ताहिकाच्या मुलाखतीत म्हणाल्या, की समाज नावाची काही वस्तूच नसते. असतात ती सुटी माणसं आणि त्यांची कुटुंबं. त्या वाक्यावर तिकडे अजून भांडणं चालू आहेत. इकडे एका मिनिटात मिटलं असतं. आमच्या सेक्रेटरींनी चष्मा वर करून सांगितलं असतं, "बाई, आहे ना. रजिस्टर्ड आहे. नंबर गेटवर रंगवलाय. आणि तुमचा दोन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी आहे."

* * *

गावाकडच्या सोसायटीला गेट नसतं. तिला बोजा असतो.

'सोसायटी काढली' म्हटल्यावर ज्याला संस्था स्थापन केली असं वाटतं, तो शहरातला. गावात सोसायटी काढली म्हणजे कर्ज काढलं. मग ती भरतात, ती थकते, ती नवी होते, ती अंगावर बसते. सोयरिकीच्या बैठकीत जमीन किती ते मुलाकडचे मोठ्याने सांगतात. सोसायटी किती ते मुलीकडचे परस्पर काढून आणतात. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. भोळा माणूस तिथे शेतकऱ्याचे हक्क शोधतो. तिथे सोसायटीचा बोजा असतो.

या सोसायटीचं पूर्ण नाव विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी. राज्यात अशा २० हजारांहून जास्त आहेत. विविध कार्यं म्हणजे पीककर्ज, खत, बियाणं, कुठे रेशनचं दुकान. युरिया आला की सोसायटीपुढे रांग, युरिया संपला की सोसायटीला कुलूप. मात्र सगळ्यात जोमाचं कार्य दर पाच वर्षांनी येतं, ते म्हणजे पॅनेल. एका भावकीत दोन पॅनेल पडतात, बांधावरचं जुनं भांडण संचालक मंडळात येऊन बसतं, आणि विरोधी पॅनेलचा माणूस कर्जाला आला की त्याच्या कागदात नेमका एक कागद कमी निघतो.

मार्चअखेरीला गटसचिवाच्या टेबलासमोर उभं राहून बघण्यासारखं असतं. टेबलावर रेक्झिन फाटलेलं रजिस्टर, कडेला शाईचा पॅड, भिंतीवर 'विना सहकार नाही उद्धार'. समोर तात्या.

"तात्या, एकतीसच्या आत भरा. न्हाईतर शून्य टक्का गेला."

"भरतो की. पण एप्रिलात परत निघंल न्हवं?"

"निघंल हो. मंजुरी येऊ द्या बँकेची, लगेच निघंल."

"मागल्या साली पण लगेचच म्हणला हुतास. पेरणी झाल्यावर निघालं."

सचिव रजिस्टरात डोकं घालतो. त्यापुढचं उत्तर जिल्हा बँकेकडे असतं आणि जिल्हा बँकेचं उत्तर मुंबईकडे.

यातली गंमत नीट बघा. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याने पडतं, अशी महाराष्ट्रात सवलत आहे. चांगलीच आहे. पण मार्चमध्ये तात्याच्या हातात पैसा नसतो. ऊस कारखान्यात गेलेला असतो आणि बिल कारखान्यात राहिलेलं असतं. मग तात्या आडत्याकडे जातो, मेव्हण्याकडे जातो, नाहीतर गावातल्या त्या गृहस्थाकडे जातो ज्याच्याकडे सावकारीचा परवाना नाही, पण मार्चमध्ये गर्दी असते. महिना-दीड महिन्यासाठी शेकड्याने पैसे उचलायचे, सोसायटी भरायची, नवी सोसायटी निघाली की गृहस्थाचे पैसे चुकते करायचे. याला 'नवं-जुनं' म्हणतात. बिनव्याजी कर्ज टिकवण्यासाठी व्याजाने कर्ज काढणं, हा अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसलेला धडा तात्याला तोंडपाठ असतो. कागदावर वसुली झकास, ऑडिटमध्ये 'अ' वर्ग, चेअरमनला शाल-श्रीफळ.

जो नवं-जुनं करत नाही आणि थकतो, त्याला एकशे एकची नोटीस. कायद्याचं कलम १०१ गावात इतकं घरचं झालंय की कलम म्हणायचीही गरज पडत नाही. पण थकलेल्यालाही आशा असते. कर्जमाफी २००८ ला दिल्लीतून आली, २०१७ ला मुंबईतून आली, २०१९ ला पुन्हा मुंबईतून आली. निवडणुकीच्या हंगामात भरणारा खुळा ठरतो आणि थकवणारा दूरदृष्टीचा. नियमित फेडणाऱ्यालाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं होतं. ते त्याला मिळायला लागलं ते त्याने नियमित वाट पाहिल्यानंतर.

आणि ठराव! जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी गटात मत गावाचं नसतं, सोसायटीने ज्याच्या नावाने ठराव केला त्या एकट्याचं असतं. एरवी ज्याला बायकोही चहा विचारत नाही, असा माणूस त्या महिन्यात ठरावधारक होतो. मग तो एकाएकी भाविक होतो, देवदर्शनाला निघतो, फोन बंद लागतो, आणि मतदानाच्या सकाळी गॉगल लावून गाडीतून उतरतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे एकामुखी होता, तो सहलीला गेला होता.

* * *

हे सगळं सुरू झालं कशासाठी, तेही एकदा बघून घेऊ. हसू थोडं कमी होईल, पण इलाज नाही.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. कर्जाने पिचलेल्या कुणब्यांनी सावकारांची दुकानं-घरं घेरली आणि खतं, रोखे, वह्या बाहेर काढून पेटवल्या. बंड पुणे-नगर भागात पसरलं. बंडातसुद्धा मुख्य राग माणसापेक्षा कागदावर होता, ही आपल्या शेतकऱ्याची कायदेशीर वृत्ती. सरकारने आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकाराचे हात थोडे बांधले गेले, पण मग पैसे द्यायचे कुणी? सावकार वाईट खराच, पण रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच एक होता.

उत्तर सापडलं जर्मनीत. तिथे ऱ्हाईनच्या मुलखात रायफायझन नावाच्या एका गावकारभाऱ्याने शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या असल्या संस्थांचा अभ्यास करायला सांगितलं. त्याने जाडजूड अहवाल लिहिला आणि सांगितलं, की यंत्रणा काय वाटेल ती करा, आधी असा एक रायफायझन शोधा. सरकारने रायफायझन शोधला नाही, कायदा केला. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यातली पहिली शेतकी सोसायटी निघाली ती तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळ गावी.

या कायद्यातली एक अट आज वाचली तर घाम फुटेल. दहा माणसं जमली की सोसायटी काढता येत होती, पण गावातल्या सोसायटीत सभासदाची जबाबदारी अमर्याद. अमर्याद म्हणजे खरोखरच अमर्याद. सोसायटी बुडाली तर तिचं देणं फेडायला प्रत्येक सभासदाची सगळी मालमत्ता जबाबदार. शेजाऱ्याने कर्ज काढून बैल घेण्याऐवजी बारसं उरकलं, तर त्याचा हप्ता उद्या तुमच्या दारात.

जुलूम वाटतो ना? पण त्यात मोठी अक्कल होती. ज्याच्याकडे तारण ठेवायला काहीच नाही, त्याला कर्ज कशावर द्यायचं? शेजाऱ्याच्या शब्दावर. आणि शेजाऱ्याचा शब्द खरा कधी ठरतो? चुकला तर त्यालाही चटका बसणार असेल तेव्हा. कुणाचं पीक कसं आहे, कोण पितो, कोण राबतो, कुणाच्या घरात आजारपण आहे, हे बँकेला कधीच कळत नाही. बांधाला बांध असलेल्याला न सांगता कळतं. तुझं देणं ते माझं देणं, असा करार दहा जणांनी करायचा आणि त्या कराराचं नाव सोसायटी. गाव करी ते राव न करी, ही म्हण इंग्रजांनी कायद्यात घालून दिली.

पुढे अमर्याद गेलं, मर्यादित आलं. तेही बरोबरच होतं. सरकारी भांडवल आलं, जिल्हा बँका आल्या, शेजाऱ्याच्या घरावर टाच आणून सहकार वाढत नाही. पण आज कुठल्याही बोर्डाच्या शेवटी बघा. सोसायटीच्या नावापुढे 'मर्या.' असं लिहिलेलं असतं. अख्ख्या बोर्डावर सगळ्यात खरा शब्द तोच, आणि तोही अर्धाच.

* * *

मध्ये पुण्या-मुंबईत सोसायट्यांची एक वेगळीच जात होऊन गेली. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. १९०५ ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. तिच्यात शिरताना शपथ घ्यावी लागे, की देश आधी, आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. १९४५ ला डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं. माणूस सोसायटीत जायचा तो काहीतरी सोडायला. आपण जातो ते पार्किंग मिळवायला.

* * *

शहरातल्या घरांची सोसायटीही मुळात पुण्यकर्मच होतं. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. कारवार-कानडा भागातून मुंबईला नोकरीसाठी आलेल्या मध्यमवर्गी सारस्वतांना घर मिळेना. घरमालक सांगेल ते भाडं आणि हाकलेल तेव्हा बोचकं. एकेकट्याला जमीन घेणं शक्य नव्हतं, सगळ्यांनी मिळून घेतली. पुढे १९६१ ला पानशेत फुटलं, पुणं वाहून गेलं, तेव्हा पूरग्रस्तांच्याही सहकारी गृहरचना संस्था झाल्या. छप्पर गेलेल्यांनी एकमेकांच्या आधाराने छप्पर घातलं, ही त्या शब्दाची शहरातली मूळ कमाई.

पण जातवाल्यांनी जातवाल्यांसाठी बांधलेल्या घरात दार कुणासाठी उघडायचं, हा प्रश्न पायातच पुरलेला होता. तो २००५ साली सर्वोच्च न्यायालयात वर आला. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की उपविधीत तशी अट असेल तर सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायला सोसायटीला मुभा आहे. संघटना करण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय. खरंय. कुणाबरोबर राहायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य, असं त्याला व्यासपीठावर म्हणतात. कुणाबरोबर राहायचं नाही ते ठरवण्याचं, असं त्याला ब्रोकर म्हणतो.

ब्रोकर बिचारा स्पष्ट बोलतो. "साहेब, फ्लॅट मोकळा आहे, ओनरला चालतंय, पण सोसायटी देत नाही." न देणारी ही सोसायटी म्हणजे नेमकं कोण, ते कधीच कळत नाही. चेअरमन म्हणतात सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणतात कमिटीचं मत आहे, कमिटी म्हणते मेंबरांची भावना आहे. एकट्या माणसाला एकटा म्हणून नको, कुटुंबवाल्याला मांसमच्छी खातो म्हणून नको, शाकाहाऱ्याला नावावरून नको, आणि यातलं कागदावर काहीच नको. थॅचरबाईंना इथे आणायला हवं होतं. त्यांना दिसली नाही ती वस्तू आमच्याकडे नकार द्यायला हजर असते.

घर मिळालंच, तर भाडेकरू आल्याबद्दल मालकाने नॉन-ऑक्युपन्सी चार्ज भरायचा. तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असं सरकारने २००१ सालीच बजावलंय. सरकारला बजावावं लागलं, यात सगळं आलं. पण रक्कम राहू द्या, नाव बघा. आत माणसं राहतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, पोरगं पाढे म्हणतं, आजी जिन्यात बसून मटार सोलते, आणि सोसायटीच्या दप्तरी ते घर रिकामं! मालक दुबईत, म्हणजे घरात कुणी नाही.

आणखी एक वर्ग आहे, तो तर दप्तरातच नाही. सकाळी सातला तोच गेटमधून आधी आत येतो. पोळ्या, भांडी, लादी, गाड्या पुसणं, कुत्री फिरवणं, आजोबांना व्हीलचेअरवर बसवून उन्हात नेणं. त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट, आणि ती बंद असेल तर जिना. ज्या मावशींच्या हाती आपण घराची किल्ली आणि सहा महिन्यांचं बाळ देतो, त्यांनी लॉबीतल्या सोफ्यावर टेकलेलं आपल्याला खपत नाही. गेटवरचं ॲप त्यांचा फोटो काढून वेळ नोंदवतं. मालकांची अशी नोंद ठेवायची झाली तर सर्वसाधारण सभेला पहिल्यांदाच कोरम होईल. निषेधापुरता.

* * *

हो, सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. गणपती उठले की नोटीस लागते: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की'. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस जण, यातलं जे कमी असेल ते. वीसच! नवरात्रात दांडियाला दोनशे जमतात. सभेला सात.

मग नोटिशीतली ठरलेली ओळ कामाला येते. कोरमअभावी सभा तहकूब. हीच सभा, याच जागी, अर्ध्या तासाने, आणि आता कोरमची गरज नाही. जगातल्या कुठल्याही संसदेला हे सुचलेलं नाही. माणसं येत नाहीत ना? मग तीस मिनिटं थांबा, माणसांची अटच जाईल. मधल्या अर्ध्या तासात सामोसे येतात. सामोशाच्या वासाने आणखी चार जण उतरतात, त्यातले दोघे भाडेकरू निघतात आणि त्यांना प्लेटसकट वर पाठवलं जातं.

विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. वीस मिनिटं. विषय दुसरा, हिशेब. दोन मिनिटं, कारण तो कुणालाच कळत नाही. विषय तिसरा, मानीव अभिहस्तांतरण. म्हणजे इमारत तुमची झाली, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, ती कायद्याने आपल्या नावे करून घेणं. बिल्डरने चार महिन्यांत करून द्यायचं, असं ठरलेलं. देत नाहीत म्हणून २००८ साली कायद्यात ही वाट काढली. अख्ख्या सोसायटीची मालकी या एका विषयावर टांगलेली असते. पण तो शब्द नीट उच्चारेपर्यंत सगळ्यांना जांभया येतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. बिल्डरला घाई नसते. उरलेला एफएसआय कुठे पळून जात नाही.

मग येतो तो विषय, ज्यासाठी सात जण आलेले असतात. गळती.

"गच्चीतून पाणी येतंय, माझ्या बेडरूममध्ये बादली ठेवलीय," सातव्या मजल्यावरच्या वहिनी.

"तुमचं सीलिंग आहे वहिनी, तुम्ही बघा," चौथा मजला.

"सीलिंग माझं, पण गच्ची सगळ्यांची ना? पतंग उडवायला सगळे येता!"

"आम्ही नाही येत," दुसरा मजला, तात्काळ.

उपविधीत हे सरळ लिहिलेलं आहे. गच्चीतून पावसाचं पाणी गळलं तर खर्च सोसायटीचा; कुणाच्या मोरी-संडासातून गळलं तर ज्याचं त्याने बघायचं. पण उपविधीची प्रत कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदारांकडे, आणि खजिनदार मुलाकडे ऑस्ट्रेलियाला. सोसायटीत सिंकिंग फंड असतो, रिपेअर फंड असतो, त्यात पैसेही असतात; पण ते काढायचं म्हटलं की खालच्या मजल्यांना एकदम पुढच्या पिढ्यांची काळजी वाटायला लागते. तुझं देणं ते माझं देणं म्हणत जिचा जन्म झाला, त्या सोसायटीचा प्रवास तुझं गळणं ते तुझं गळणं इथवर आला. मर्या.

चेअरमन कुणालाच व्हायचं नसतं आणि झालेल्याला कुणी सुटू देत नाही. जो स्वखुशीने उभा राहतो, त्याच्यावर संशय. "काहीतरी असणार हो, नाहीतर फुकट कोण राबतं?" फुकट कुणी राबत नाही असा ज्यांचा ठाम विश्वास, ते सगळे त्या माणसाकडून फुकट काम करून घेत असतात. पंप बिघडला, फोन त्याला. वॉचमन झोपला, फोन त्याला. वरचे भांडतात, फोन त्याला. वर देशात लोकशाही राहिली नाही म्हणून रात्री ग्रुपवर लंबाचौडा मजकूर टाकणारे तेच. लोकशाही खाली क्लबहाउसमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून अर्धा तास जास्त थांबली होती. यांना लिफ्टचं बटण दाबायला झालं नाही.

* * *

लिफ्टवरून आठवलं. सभेत शेवटी तळमजल्यावरचे काका उठतात. दर वर्षी उठतात. प्रश्न एकच. "मी तळमजल्यावर राहतो. आयुष्यात लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. लिफ्टचे पैसे मी का भरू?"

सभा गप्प. प्रश्न बिनतोड आहे. जो वापरतो तो भरतो, हा सध्याच्या जगाचा वेदच आहे. सेक्रेटरी चाचरत म्हणतात, "काका, नियम आहे." आणि खरोखरच आहे. आदर्श उपविधीत स्पष्ट म्हटलंय, की ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी लिफ्टचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, ते लिफ्ट वापरत असोत वा नसोत. मजला बघायचा नाही, गुडघे बघायचे नाहीत.

हे वाक्य कुणा कारकुनाने कंटाळत खरडलं असेल, पण १९०४ च्या त्या अमर्याद जबाबदारीचा एवढा एक थेंब त्यात शिल्लक राहिलाय. आपण वापरत नाही त्या लिफ्टचे पैसे भरणं. बाकी सगळं याचाच विस्तार. ज्याला पोर नाही त्याच्या करातून शाळा चालते, धडधाकट माणसाच्या पैशांतून दवाखाना चालतो, कोरडवाहूवाला पाटबंधाऱ्याचे पैसे भरतो आणि बागायतदार दुष्काळी कामांचे. सातव्या मजल्यावरच्या वहिनींच्या सासूबाईंना डायलिसिसला न्यायचं असतं, तेव्हा ती लिफ्ट काकांच्या पैशांवरही वर जाते. काकांना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला लगेच आठवेल, की मग गच्चीचं काय?

काका दर वर्षी हरतात आणि दर वर्षी पैसे भरतात. फक्त पावतीमागे लिहून देतात, 'निषेध नोंदवून भरणा'. खुशाल लिहू द्या. पैसे भरले, हे महत्त्वाचं. दुसऱ्याच्या लिफ्टचे पैसे हसत हसत भरणारा माणूस सहकाराच्या इतिहासात अजून नोंदलेला नाही. भरणारे मात्र आहेत, कुरकुरत, दर तिमाहीला, आणि सोसायटी आहे म्हणतात ती तेवढ्यावरच उभी आहे.